गवयाच्या नावाने एक पुस्तक

लेखक वारला म्हणजे वाचकांना काय करावे हे कोणी सांगावे लागत नाही. कपाटातून त्याचे पुस्तक काढायचे, धूळ झटकायची आणि पुन्हा एकदा वाचायचे. त्याचे जे काही होते ते त्याने कागदावर ठेवलेलेच असते. गवई वारला म्हणजे मात्र वाचकाची पंचाईत होते. त्याचे जे होते ते गळ्यात होते आणि गळा तर त्याच्याबरोबरच गेला. मग पुस्तकवाल्यांनी त्याचे स्मरण करावे तरी कशाने?

हा प्रश्न यंदाच्या श्रावणात आमच्या नामपुरात उभा राहिला. मोसम नदीच्या काठचे, बागलाण तालुक्यातले हे बाजाराचे गाव. कांद्याच्या दिवसांत रस्त्याने गाड्यांची अशी रीघ लागते की पायी चालणाराने अंग चोरून चालावे. अशा गावात आम्ही आठदहा जण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी ओसरीवर जमतो. ह्या मंडळाला नाव नाही, घटना नाही की वर्गणी नाही. ठरलेल्या पुस्तकावर बोलायचे, चहा घ्यायचा आणि उठण्यापूर्वी पुढचे पुस्तक ठरवायचे, एवढाच आमचा नेम. त्या दिवशी आमच्यातली सर्वांत लहान सभासद, जी पेटी शिकते आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका परीक्षेची तयारी करते आहे, ती म्हणाली, ‘२१ ऑगस्टला पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची पुण्यतिथी. पुढचे पुस्तक त्यांच्या नावाने वाचू या ना!’

सूचना सर्वांनाच पटली. पंडितजी १९३१ साली गेले, म्हणजे २०३१ साली त्यास शंभर वर्षे होतील. शिवाय आयुष्याच्या उत्तरार्धात ते आमच्या जिल्ह्याचे, नाशकाचे रहिवासी होते. कोणते पुस्तक घ्यावे ह्याची चर्चा सुरू होणार तोच, ज्यांच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो त्या घरच्या आजी, कोपऱ्यात वाती वळीत होत्या, त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, ‘त्यासना आवाज कोन्ही आयकेल नही, मंग पुस्तक वाचीसन काय समजी?’ त्यांचा आवाज तुमच्यापैकी कोणी ऐकलेला नाही, मग पुस्तक वाचून काय कळणार! आजींना बारीक अक्षर दिसत नाही. आमच्या बैठकीला त्या नेहमी असतात, पण सभासद म्हणून आम्ही त्यांना कधी मोजले नव्हते. तरी त्या दिवसाचा खरा प्रश्न त्यांनीच विचारला होता.

पहिले उत्तर सरळ होते. गवयाचे चरित्र वाचावे. पंडितजींचे शिष्य प्रो. बी. आर. देवधर ह्यांनी गुरूचे चरित्र लिहिले आहे. देवधरांचे ‘थोर संगीतकार’ हे पुस्तक तर अनेक घरांत असते. चरित्र वाचण्याजोगे आहे ह्यात शंकाच नाही, कारण हे आयुष्यच कादंबरीसारखे आहे. विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. वडील कीर्तनकार होते, त्यामुळे देवाची कथा आणि गाणे ही दोन्ही पोराच्या कानांवर एकदमच पडली. लहानपणी एका उत्सवात दारूकामाने चेहरा भाजला आणि डोळे कायमचे अधू झाले. दिवाळीच्या अंकात ही हकीकत वाचताना घरोघरच्या आयांनी क्षणभर अंगणाकडे लक्ष द्यावे, एवढीच प्रार्थना! ज्या डोळ्यांनी शाळा शिकायची तेच गेले, तेव्हा वडीलमंडळींनी मुलाला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्यास ठेवले.

तिथे त्याने कित्येक वर्षे काढली. १८९६ साली गुरूचे घर सोडून हा तरुण गवई बाहेर पडला तो बडोदे, ग्वाल्हेर, काठेवाड, दिल्ली असा फिरत फिरत थेट पंजाबात गेला. त्या काळी उत्तम गाणे राजेरजवाड्यांच्या आश्रयाने राही. गवई हा दरबारी नोकर, मोठमोठ्या समारंभांतही त्याची जागा बाजूची. विष्णुबुवांना ते सोसले नाही. त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. दोन-चार आणे खर्चून कोणीही यावे आणि ऐकावे! पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. कुरुंदवाडचा माणूस, मिरजेची तालीम आणि शाळा लाहोरात! संस्थानिकाच्या मर्जीवर न चालणारी, लोकांच्या पैशावर उभी राहिलेली गाण्याची शाळा त्या काळी अपूर्वाईची होती. १९०८ साली मुंबईस विद्यालय आले आणि तिथे गृहस्थांच्या मुली नि सुना तंबोरा घेऊन बसू लागल्या. आज नामपूरची मुलगी पेटी घेऊन परीक्षेला बसते आणि घरच्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी आपोआप घडलेली नाही.

ह्या सर्वाची किंमतही पंडितजींनी चुकविली. मुंबईत विद्यालयाची मोठी इमारत कर्ज काढून बांधली. ते कर्ज फेडण्यासाठी जन्मभर जलसे केले, तरी १९२० नंतर काही वर्षांतच ती इमारत लिलावात गेली. दुसरा असता तर खचला असता. पण पंडितजींनी इमारतीपेक्षा माणसे अधिक बांधली होती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, देवधर हे त्यांचेच शिष्य. गुरू गेले त्याच वर्षी, १९३१ साली, शिष्यांनी अहमदाबादेत गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. इमारत गेली, पण शाळा मात्र गावोगाव पसरली.

एवढे सांगून झाल्यावर आमच्यातले निवृत्त गुरुजी म्हणाले, ‘चरित्र उत्तम आहे, पण ते वाचून आपण पंडितजींविषयी बोलू, पंडितजींशी नाही.’ आणि त्यांनी दुसरी वाट सुचविली. गवयाने स्वतः लिहिलेले पुस्तक वाचावे.

ही वाट पुष्कळ गवयांच्या बाबतीत बंद असते. पंडितजींच्या बाबतीत ती मोकळी आहे, कारण छापील पुस्तक हे त्यांचे एक मोठे हत्यारच होते. जुन्या उस्तादांकडे चीज मिळविणे म्हणजे वर्षानुवर्षे पाय चेपणे. अशा काळात त्यांनी चिजा स्वरलिपीत लिहिल्या, स्वतःचा छापखाना घातला, मासिक काढले आणि ‘संगीत बालप्रकाश’, ‘रागप्रवेश’ अशी क्रमिक पुस्तके शिष्यांच्या हाती दिली. ज्याचे डोळे अधू त्याने गाणे डोळ्यांनी वाचण्याची सोय करावी, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.

इथे दुसऱ्या विष्णूचे नाव निघणे अपरिहार्य होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील. त्यांनी देशभर हिंडून उस्तादांकडून चिजा मिळविल्या, आपली निराळी स्वरलिपी केली, ‘क्रमिक पुस्तकमालिका’ काढली आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला, तोही गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने. वाचनाचा विचार केला तर दोघांत भातखंड्यांचे पुस्तक अधिक वाचनीय, हे कबूल केले पाहिजे. शिष्य शंका काढतो, गुरू हसत उत्तर देतो, मध्येच कोण्या खाँसाहेबांची गोष्ट निघते आणि रागाची चर्चा चालू असूनही वाचकाचे मन लागून राहते. पंडितजींची पुस्तके तशी नाहीत. ती शिकण्यासाठी आहेत, वाचण्यासाठी नव्हेत. आमच्या मुलीने एक पान मोठ्याने वाचून दाखविले: सा, रे, ग, त्याखाली मात्रांच्या खुणा. दोन मिनिटांत आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. मग तिने तेच पान पेटीवर वाजविले, तेव्हा कोठे ओसरी जागी झाली. पाककृतीचे पुस्तक वाचून पोट भरत नाही, त्यातलीच ही गत.

तेव्हा दुसरी वाटही खुंटली. तिसरी वाट आम्हांला दाखविली ती, खरे म्हणाल तर, सातासमुद्रांपलीकडच्या एका गवयाने.

इंग्लंडात डेव्हिड बोवी नावाचा मोठा लोकप्रिय गायक होऊन गेला. १० जानेवारी २०१६ रोजी तो वारला. गाण्याच्या ढंगात आणि वेषात तो आपल्या पंडितजींपासून जितका दूर असावा तितका दूर. पण हा माणूस जबरा वाचक होता. २०१३ साली त्याच्या आवडीच्या शंभर पुस्तकांची यादी प्रसिद्ध झाली होती. तो गेल्यावर त्याच्या मुलाने, डंकन जोन्स ह्या चित्रपट दिग्दर्शकाने, २०१७ च्या अखेरीस वडिलांच्या स्मरणार्थ एक वाचनाचा उपक्रम काढला आणि त्यासाठी पहिले पुस्तक निवडले ते पीटर ॲक्रॉइड ह्यांची ‘हॉक्समूर’ ही १९८५ सालची कादंबरी. लक्षात घ्या, बापाचे चरित्र नाही की बापाच्या गाण्यांचे पुस्तकही नाही. बापाने जे वाचले ते मुलाने वाचायला घेतले आणि ज्यांना यायचे त्यांना बरोबर बोलाविले. माणूस गेल्यावर त्याच्या चष्म्यातून एकदा पाहावे, तसेच हे झाले.

हे ऐकताच गुरुजींनी मांडीवर थाप मारली. ‘मग आपल्या पंडितजींनी काय वाचले?’

ह्याचे उत्तर शोधायला नामपुराहून फार लांब जावे लागत नाही, नाशकापर्यंत गेले की पुरे. मुंबईच्या इमारतीचे ग्रहण लागले त्याच सुमारास पंडितजींचे मन रामनामाकडे अधिकाधिक ओढले गेले होते. नाशकास त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. भगवी वस्त्रे, दाढी आणि समोर तुलसीदासांचे ‘रामचरितमानस’. ते मानसावर प्रवचने करीत, पण ही प्रवचने म्हणजे गाणेच असे. दोहे-चौपाया रागांत बांधून गायच्या, मध्ये अर्थ सांगायचा आणि श्रोत्यांना नामगजरात ओढून घ्यायचे. कीर्तनकाराचा मुलगा शेवटी कीर्तनकाराच्याच जागी येऊन उभा राहिला. ‘रघुपति राघव’ ह्या धुनेची आज घरोघरी ठाऊक असलेली चाल त्यांचीच म्हणून सांगतात. १९२३ साली काकिनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनात ‘वंदे मातरम्’ला अध्यक्षपदावरून हरकत आली तेव्हा ते गीत पुरे करूनच थांबणारे विष्णु दिगंबर पुष्कळांना ठाऊक आहेत. पण नाशकात चौपाई गाता गाता थांबून साध्यासुध्या माणसांना अर्थ समजावून सांगणारे विष्णु दिगंबर मला अधिक जवळचे वाटतात.

म्हणजे पुस्तक सापडले. पण हरकतीही लगेच निघाल्या आणि त्या क्षुल्लक नव्हत्या.

पहिली हरकत आमच्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने घेतली. ‘आपण वाचकमंडळ आहोत की पारायणमंडळ? पोथी समोर आली म्हणजे लोक हात जोडतात, प्रश्न विचारत नाहीत.’ त्याचे म्हणणे रास्त होते. म्हणून असे ठरले, की मानस हे काव्य म्हणून वाचायचे. १५७४ साली एका कवीने संस्कृत सोडून लोकांच्या बोलीत ते आरंभिले ह्याचे भान ठेवायचे, आणि इतर कोणत्याही पुस्तकाला विचारतो तसे त्यालाही प्रश्न विचारायचे. ज्याला हात जोडायचे त्याने जोडावेत, पण त्यासाठी दुसऱ्याचे तोंड बंद करू नये.

दुसरी हरकत गुरुजींची स्वतःचीच होती आणि ती इतिहासाची होती. पंडितजींनी गाण्याला भक्तीची वस्त्रे चढविली, शृंगाराच्या चिजांचे शब्द बदलले, गाणे सोवळे केले. त्यात ज्या मुसलमान उस्तादांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली ते मागे पडले, अशी टीका आहे. जानकी बखले ह्या विदुषीने २००५ साली दोन्ही विष्णूंवर इंग्रजीत ग्रंथ लिहून ह्या प्रश्नाची सविस्तर चर्चा केली आहे. हे झाकून ठेवून पंडितजींचे स्मरण करणे म्हणजे अर्धाच माणूस आठवणे. त्यांची गायकी आली कोठून? बाळकृष्णबुवांकडून. बाळकृष्णबुवांची वासुदेवबुवा जोशांकडून. आणि वासुदेवबुवांचे गुरू ग्वाल्हेरचे हस्सूखाँ. रामाचे चरित्र गाणाऱ्या त्या गळ्यात एका खाँसाहेबांची तालीम होती! ही वंशावळ पहिल्याच बैठकीत मोठ्याने वाचायची, असे आम्ही लिहून ठेवले आहे. ऋण मान्य केल्याने भक्ती उणी होत नाही.

तिसरी हरकत भाषेची. मानस अवधीत आहे, आम्ही मराठी माणसे, घरी अहिराणी बोलणारी. तुकोबा कळतात, एकनाथांचे भावार्थरामायण कळते, अवधी कशी कळावी? ह्यावर उत्तर दिले ते पुन्हा कोपऱ्यातल्या आजींनी. त्या म्हणाल्या, की मुल्हेरच्या रासात तरी सगळे कोठे मराठी असते?

आणि खरेच, ही गोष्ट आमच्या कोणाच्या ध्यानातच आली नव्हती! ज्या मोसमच्या काठी नामपूर आहे तिच्याच काठी वर, किल्ल्याच्या पायथ्याशी मुल्हेर आहे. तिथे उद्धव महाराजांच्या समाधिस्थानी दरवर्षी कोजागिरीच्या रात्री रासक्रीडेचा उत्सव होतो. भले मोठे चक्र पानाफुलांनी सजवून उभारतात आणि त्याच्याखाली रात्र उजळेपर्यंत रासाची पदे गातात. त्यांत मराठी आहे तशी हिंदी, व्रज नि गुजरातीही आहे. खानदेश, गुजरात आणि घाट ह्यांच्या सांध्यावरचा हा मुलूख, त्याचे गाणेही तसेच मिश्र. गाणाऱ्यांनी काही व्याकरण शिकून ही पदे पाठ केलेली नाहीत. वह्या आहेत, पण वह्यांच्या आधी कान आहेत. बापाच्या मांडीवर बसून पोराने ऐकले, पुढे तोच गाऊ लागला. शब्दाचा अर्थ कधी आधी कळला, कधी मागाहून. जे बागलाण पिढ्यान् पिढ्या व्रजभाषेत रात्र जागवते त्याने अवधीला भ्यावे कशाला?

आजींच्या ह्या एका वाक्याने दुसरीही गाठ सुटली. आम्ही इतका वेळ पुस्तक म्हणजे मुकाट्याने डोळ्यांनी वाचायची वस्तू समजत होतो. गवयाच्या नावाने वाचायचे तर ते गळ्याने वाचले पाहिजे, कानांनी ऐकले पाहिजे. तसे झाले म्हणजे ज्यांना अक्षर दिसत नाही तेही वाचकच. ज्याचे डोळे लहानपणीच अधू झाले त्या माणसाच्या स्मरणार्थ भरणाऱ्या बैठकीत, अक्षर दिसत नाही म्हणून एका म्हातारीला मोजू नये, ह्यापरते विसंगत काय असावे?

आता सारे मानस घ्यावे तर आम्हांला वर्षे लागतील. सात कांडांतून एक निवडणे भाग होते. निवड झाली ती अरण्यकांडाची. राम गोदावरीच्या तीरी पंचवटीस येतो, जटायूशी त्याचा स्नेह जडतो, शूर्पणखा येते, सुवर्णमृग येतो आणि सीता नेली जाते, हे सारे त्यात आहे. म्हणजे कथा अयोध्येची असली तरी हे कांड आमच्या जिल्ह्याचे! ह्याच गोदावरीच्या गावी राहून पंडितजींनी मानस गायिले. आणि कांड संपता संपता शबरी भेटते. रानातल्या त्या म्हातारीला राम नऊ प्रकारची भक्ती समजावून सांगतो. त्यात कथेची गोडी लागणे ही दुसरी आणि गाणे ही चौथी. पहिल्या नऊच्या यादीत ज्याने गाण्याला जागा दिली त्या कवीवर गवयाने जीव टाकावा, ह्यात नवल नाही.

दिवाळी झाल्यावर, कार्तिकात, पहिली बैठक आहे. आरंभ दत्तात्रेय विष्णु पलुस्करांच्या ध्वनिमुद्रिकेने करायचा असे ठरले आहे. पंडितजींचा हा मुलगा १९२१ साली जन्मला. वडील गेले तेव्हा तो अवघा दहा वर्षांचा होता. त्याला पुढे घडविले ते वडिलांच्याच शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास ह्यांनी. १९५२ साली ‘बैजू बावरा’ चित्रपटासाठी उस्ताद अमीर खाँ ह्यांच्या जोडीने तो गायिला. आणि २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तोही गेला. रामाच्या बाललीलांचे तुलसीदासांचे पद त्याने जे गायिले आहे ते ऐकताना बाप कसा गात असेल ह्याची कल्पना करता येते. निदान घरात कोणते वारे वाहत होते ते तरी कळते. बापाने शिष्यांना दिले, शिष्यांनी ते मुलाला परत केले, मुलाने तबकडीवर ठेवले. आजींच्या प्रश्नाला ह्याहून जवळचे उत्तर आमच्याजवळ नाही.

वाचायचे कोणी, ह्याचीही वाटणी झाली आहे. गुरुजी अर्थ सांगणार, हरकत घेणारा तरुण प्रश्न विचारणार, आमची मुलगी पेटीवर सूर धरणार. देवधरांचे चरित्र एकाकडून दुसऱ्याकडे घरोघर फिरेल, भातखंड्यांचा संवाद पुढच्या श्रावणासाठी राखून ठेवला आहे. सभासदांची यादी आजवर कधी केली नव्हती, ती ह्या निमित्ताने मुलीने वहीत लिहून काढली. तिने आजींचे नाव सर्वांत वर लिहिले. आजींना ते वाचता येईना, म्हणून तिने ते मोठ्याने वाचून दाखविले. आजींनी वातीचे ताट बाजूला सारले, पदर नीट केला आणि विचारले, ‘मंग पहिली चौपाई कोन म्हनी?’